पायाचा ठोकाही पाहा : नागपूर महानगरपालिकेचे आयुक्त आणि आरोग्य विभाग यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाइन्स, नागपूर

महोदय,

मी महाल भागात राहणारी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीतली तीसहून अधिक वर्षे मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढली. काळे पडलेले अंगठे, चिघळलेल्या टाचा आणि गुडघ्याखाली कापलेले पाय यांची ड्रेसिंग त्या काळात किती केली, याची मोजदाद माझ्याकडे नाही. या पत्राला निमित्त मात्र माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या पायाचे आहे आणि त्यातली मुख्य मागणी एकच आहे. आपल्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेही, तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधली जाते, त्याच वेळी त्याच्या चपला काढून पायाचा ठोका, म्हणजे पायातल्या धमनीची नाडी, चाचपून पाहिला जावा, आणि तो लागला नाही तर घोट्यावरचा रक्तदाबही मोजला जावा.

माझे भाऊ एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. मिल बंद झाल्यावर ते इतवारीतल्या एका कापड दुकानात हिशेब लिहू लागले आणि बडकस चौकातून दुकानापर्यंत रोज पायीच जात. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांना त्या वाटेवर थांबावे लागू लागले. भांडे ओळीत एखाद्या दुकानापुढे उभे राहून ते गंज-पातेल्यांचे भाव विचारीत, दोन मिनिटे गेली की पुन्हा चालू लागत, आणि तेवढेच अंतर कापल्यावर पुन्हा कुठल्या तरी दुकानापुढे उभे राहत. दुकानदारांना वाटे की म्हाताऱ्याला बोलायला माणूस हवा असतो. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "काही नाही बाई, चाललं की पोटरी गच्च होते, उभं राहिलं की सुटते." जर्मन भाषेत या आजाराला दुकानांच्या काचांवरून पडलेले एक बोलीतले नाव आहे, कारण तिथली माणसेही अशीच काचेपुढे थांबून दुखणे लपवीत, हे मला फार उशिरा कळले.

भावाच्या त्या एका वाक्यात सगळे निदान होते. चालताना पायाच्या स्नायूंना रक्त जास्त लागते. धमनी अरुंद झाली असेल तर तेवढे रक्त पोचत नाही, म्हणून पोटरी आवळते, आणि माणूस नुसता उभा राहिला की मागणी कमी होऊन दुखणे दोन-पाच मिनिटांत विरते. दुखणे दर वेळी जवळपास तेवढेच अंतर चालल्यावर येते. चढ असेल किंवा घाई असेल तर लवकर येते. याला डॉक्टर क्लॉडिकेशन म्हणतात आणि मूळ आजाराला पेरिफेरल आर्टरी डिसीज, थोडक्यात पीएडी. हृदयाच्या धमन्यांत ज्या प्रकारे चरबी, पेशी आणि कॅल्शियम यांचा थर साचत जातो, तोच प्रकार पायाच्या धमन्यांत होतो. छातीत दुखले की रिक्षा करून दवाखाना गाठायचा, हे आज लहान मुलालाही ठाऊक आहे. पोटरीत दुखले की मात्र आपण तेल चोळतो.

आम्हीही तेच केले. एका दवाखान्यात त्यांच्या कमरेचा एक्स-रे काढला गेला, त्यात मणक्याची झीज दिसली आणि नस दबल्याचे सांगून वेदनाशामक गोळ्या, कॅल्शियम आणि कमरपट्टा देण्यात आला. साठीपुढच्या बहुतेक माणसांच्या एक्स-रेमध्ये इतकी झीज असतेच, त्यामुळे तेवढ्यावरून पायाच्या दुखण्याचे कारण सापडले असे म्हणता येत नाही. फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरला असता. मणक्यात नसा दाबल्या गेल्याने पाय दुखत असतील तर नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. धमनीच्या दुखण्यात उभे राहणे पुरते. फुगलेल्या शिरांचे दुखणे आणखी वेगळे असते. त्यात दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पाय जड होतात आणि ते उंच ठेवले की बरे वाटते. धमनीच्या रुग्णाने पाय उंच केला तर तो पांढरा पडतो आणि जास्त दुखतो. हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही, आणि हे लिहिताना मला अजूनही लाज वाटते, कारण मी घरची माणूस होते आणि शिवाय सिस्टर होते.

दीड वर्षाने भावाला रात्रीची झोप लागेनाशी झाली. आडवे झाले की पाऊल जळे, म्हणून ते खाटेखाली पाय लोंबकळत ठेवून किंवा खुर्चीत बसूनच डुलकी घेऊ लागले. पाय खाली असला की वजनाने थोडे रक्त उतरते आणि दुखणे कमी होते. पण त्याने पाय सुजतो, आणि मी ती सूज पाहून त्यांच्या पावलापासून पोटरीपर्यंत क्रेप बँडेज घट्ट गुंडाळले. आधीच रक्त कमी असलेल्या पायावर बाहेरून दाब देणे किती घातक असते हे मी पुस्तकात वाचलेले होते. तरी माझ्या हातून ते झाले, कारण त्या पायाचा ठोका मी पाहिलेला नव्हता. पुढे पायाच्या करंगळीचे नख काढताना कातडी कापली गेली. जखम सहा आठवडे भरली नाही, कोमट पाण्याचा शेक दिला, मलमे लावली, आणि एका सकाळी करंगळी काळी झालेली दिसली. अपघात विभागातल्या एका निवासी डॉक्टर मुलीने त्यांच्या दोन्ही पावलांवर बोटे ठेवली, मग गुडघ्यामागे, मग जांघेत. दीड वर्षात पायाचा ठोका पाहणारी ती पहिली व्यक्ती होती. जंतुसंसर्ग तोवर इतका वर चढला होता की डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या पायाचे मोजमाप झाले. दंडावरचा दाब १५० आणि घोट्यावरचा ८४, म्हणजे प्रमाण ०.५६. हे मोजमाप, ज्याला अँकल-ब्रेकियल इंडेक्स म्हणतात, मी इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. रुग्णाला पाच-दहा मिनिटे आडवे पडू द्यायचे. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या वर रक्तदाबाची नेहमीची पट्टी बांधायची. स्टेथोस्कोपने घोट्यावरचे आवाज नीट ऐकू येत नाहीत, म्हणून हातात धरायचा छोटा डॉपलर लागतो. त्याचे टोक जेली लावून धमनीवर टेकवले की रक्ताचा सूं-सूं आवाज येतो. पट्टी फुगवून आवाज बंद पाडायचा आणि हवा हळूहळू सोडताना तो ज्या आकड्याला परत येतो तो टिपायचा. घोट्याजवळ दोन धमन्या तपासायच्या, एक पावलाच्या पाठीवरची आणि दुसरी आतल्या घोट्यामागची, आणि त्यांतला मोठा आकडा दोन दंडांपैकी मोठ्या आकड्याने भागायचा. निरोगी माणसात हे प्रमाण १.०० ते १.४० असते. ०.९० किंवा त्याहून कमी आले तर धमनीचा आजार आहे असे धरायचे. ०.९१ ते ०.९९ हे काठावरचे. आणि १.४० च्या पुढे आले तर आनंद मानायचा नाही, कारण जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमन्या कॅल्शियमने इतक्या टणक होतात की पट्टीने त्या दाबल्याच जात नाहीत आणि आकडा खोटा मोठा येतो; अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजावा लागतो आणि दंडाशी त्याच्या प्रमाणाला ०.७० ही सीमा धरतात. एवढे सगळे एका प्रशिक्षित सिस्टरकडून पंधरा-वीस मिनिटांत होते. सुई नाही, रंगद्रव्य नाही, किरणे नाहीत. डॉपलर काही हजार रुपयांत येतो आणि नीट ठेवला तर वर्षानुवर्षे चालतो.

त्याच्याही आधीची पायरी तर बोटांनी होते आणि तिला काहीच खर्च नाही. पावलाच्या पाठीवरचा ठोका काही निरोगी माणसांतही जन्मतः लागत नाही, म्हणून घोट्यामागचा ठोकाही पाहायलाच हवा. दोन्ही लागले नाहीत, पाऊल दुसऱ्यापेक्षा गार असेल, कातडी चकचकीत व पातळ झाली असेल, पायावरचे केस गळले असतील, तर डॉपलर काढायचा.

हा आजार विरळा नाही. २०१० साली जगभरात सुमारे २० कोटी लोकांना तो असावा असा अभ्यासकांचा अंदाज होता, आणि त्यांतले बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. यांपैकी अनेकांना माझ्या भावासारखे लक्षणही येत नाही. कुणाला नुसते पाय थकल्यासारखे वाटतात. कुणी इतके कमी चालतात की दुखण्याची वेळच येत नाही. बायकांच्या बाबतीत हे मी फार पाहिले आहे, कारण घरातल्या घरात वावरणाऱ्या बाईचे पाय दुखले तर ते गुडघ्यांच्या नावावर जमा होतात. मधुमेहात तर दुहेरी फसवणूक असते. साखरेने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे रक्त कमी पडल्याची वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही आणि माणूस पहिल्यांदा दवाखान्यात येतो तो थेट जखम घेऊनच. शिवाय पायाची धमनी अरुंद झाली असेल तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा निरोगी नसतात. या रुग्णांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून घोट्यावरचा कमी आकडा हा हृदयासाठीही इशारा असतो, आणि केवळ पाय वाचवण्यापुरते या तपासणीकडे पाहू नये अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या शहराबद्दल. नागपुरात खर्रा कुठे मिळत नाही ते सांगणे सोपे जाईल. भाऊ मिलमध्ये असताना बिडी ओढत, ती सुटली तेव्हा सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा सुरू झाला, आणि आम्हाला वाटले की धूर गेला म्हणजे धोका गेला. निकोटीन धमन्या आवळते, ते तोंडातून गेले काय किंवा छातीतून गेले काय. खर्ऱ्याचा विचार आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगापाशी येऊन थांबतो, आणि तो विचार योग्यच आहे. पण वॉर्डात मी तिशी-पस्तिशीची मुलेही पाहिली आहेत, ज्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता, फक्त बिडी होती, आणि एकेक करून पायाची बोटे गेली होती. या वेगळ्या आजाराचे वर्णन लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ साली केले. त्यात हातापायांच्या लहान व मध्यम धमन्यांना सूज येऊन त्यांत गुठळ्या होतात. तो भारतीय उपखंडात अधिक आढळतो आणि त्यावर तंबाखू पूर्ण सोडण्याइतके परिणामकारक काहीही नाही. दिवसाला एक-दोन बिड्यांची सूटसुद्धा त्यात चालत नाही. भंडारा-गोंदियाकडे बिड्या वळणारी कुटुंबे आहेत, तिथले रुग्ण उपचाराला नागपुरातच येतात, आणि त्यांना तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय मदतवाहिनी, १८००-११-२३५६, हा मोफत क्रमांक केसपेपरवर छापून देता येईल.

उपचारांविषयी लोकांत दोन टोकांचे समज आहेत. एक, वयाबरोबर असे व्हायचेच; दोन, आता पाय कापणार. या दोन्हींच्या मधे बरेच काही आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे प्रमाण ०.७० च्या आसपास आले. त्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी आणि रक्त गुठळू न देणारी गोळी रोजची लावली गेली, साखर आणि रक्तदाब आवाक्यात आणले गेले, आणि चालण्याचा व्यायाम लिहून दिला गेला. स्टॅटिन या आजारात कोलेस्टेरॉलचा आकडा बरा असला तरी देतात, कारण धमनीतला थर स्थिर ठेवणे हे तिचे काम असते. हे न समजल्याने पुष्कळ लोक रिपोर्ट चांगला आला की गोळी स्वतःच बंद करतात. गुठळ्यांसाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल वापरतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉम्पास या मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनसोबत रिव्हरोक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्याने पाय गमावण्यासारख्या मोठ्या आपत्ती कमी झाल्याचे दिसले, मात्र रक्तस्राव वाढला, म्हणून ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच तोलायचे. सिलोस्टॅझॉलने चालण्याचे अंतर वाढते, पण हृदय निकामी होण्याचा आजार असलेल्याला ते देता येत नाही. कुणाच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून ही गोळी आणणारे मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिले.

चालण्याच्या व्यायामाबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण त्यात आरोग्य विभागाइतकाच आपल्या उद्यान विभागाचाही हात लागू शकतो. हे चालणे म्हणजे सकाळचा फेरफटका नव्हे. दुखणे मध्यम होईपर्यंत चालायचे, मग थांबायचे, दुखणे पूर्ण गेले की पुन्हा चालायचे, असे विश्रांती धरून तीस ते पंचेचाळीस मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा, सलग बारा आठवडे, आणि शक्यतो कोणाच्या तरी देखरेखीखाली. धमनीतला अडथळा याने नाहीसा होत नाही. पण स्नायू कमी प्राणवायूत काम करायला शिकतात, आणि न दुखता चालण्याचे अंतर खरोखर वाढते. अनेक रुग्णांत हा फायदा शस्त्रक्रियेशी तुलना करण्याइतका असतो. काकू पहिल्या दिवशी दीडशे पावलांत थांबल्या. तीन महिन्यांनी त्या आमच्या गल्लीपासून गांधीसागरापर्यंत न थांबता जाऊ लागल्या. त्या तीन महिन्यांत त्यांची सर्वात मोठी अडचण कोणती होती, तर बसायची. दुखणे आले की टेकायला जागा हवी असते, विशेषतः ज्यांचे गुडघेही धड नाहीत त्यांना, आणि बागेतल्या पायवाटेवर बाके सगळी एका कोपऱ्यात मांडलेली. भर रस्त्यात थांबून उभे राहण्याची त्यांना लाज वाटे, म्हणून पहिले दोन आठवडे त्या जिन्यातच चालत होत्या. महानगरपालिकेच्या बागांतल्या पायवाटांवर दर शंभर मीटरवर एक बाक ठेवला आणि त्या बाकांवर अंतराचे आकडे रंगवले, तर शहरातल्या प्रत्येक वस्तीला या उपचाराची जागा मिळेल. नागपूरच्या उन्हाळ्यात हे चालणे पहाटे करावे लागते, त्यामुळे बागांची दारे पहाटे पाचला उघडावीत, ही त्याला जोडलेली विनंती.

ज्यांना आडवे पडल्यावरही दुखते, ज्यांची जखम दोन आठवड्यांत भरत नाही किंवा बोट काळे पडू लागले आहे, त्यांना मात्र व्यायामाच्या नावाने घरी पाठवू नये. तिथे रक्तपुरवठा परत सुरू करणे हाच उपचार असतो, आणि तो अनेकदा होऊ शकतो. १९६४ साली, १६ जानेवारीला, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी नळीने आतून रुंद केली. त्यांच्या पावलावर गँगरीन होते आणि त्यांनी पाय कापून घ्यायला साफ नकार दिला होता. पाय वाचला आणि त्या स्वतःच्या पायांवर चालत घरी गेल्या. हृदयाची अँजिओप्लास्टी आज घरोघरी माहीत आहे, पण अँजिओप्लास्टीची सुरुवात पायापासून, आणि तीही नकार देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईच्या पायापासून झाली, ही गोष्ट मी वॉर्डात नव्या मुलींना नेहमी सांगत असे. आता फुगा, स्टेंट आणि बायपास हे सगळे मार्ग आहेत. मांडीची स्वतःची शीर चांगली असेल तर तिने केलेला बायपास बिकट अवस्थेतल्या पायासाठी पहिल्या पसंतीचा ठरतो, असे २०२२ सालच्या बेस्ट-सीएलआय या चाचणीत आढळले. शीर चांगली नसेल तर फुग्याच्या मार्गाचा विचार होतो. माझ्या भावाच्या उजव्या पायाची अँजिओप्लास्टी झाली, खर्रा सुटला, गोळ्या एकही दिवस चुकल्या नाहीत, आणि तो पाय त्यांनी शेवटपर्यंत, म्हणजे आणखी सहा वर्षे, वापरला. कृत्रिम डाव्या पायासह ते पुन्हा भांडे ओळीतून जात. डाव्या पायालाही हेच सगळे मिळू शकले असते, दीड वर्ष आधी.

याखेरीज एक प्रसंग असा असतो की त्यात आठवडे नसतात, तासच असतात. पाय अचानक गार, पांढरा, बधिर आणि जोरात दुखणारा झाला, बोटे हलेनात, तर धमनीत गुठळी अडकली असे समजून रुग्णाला लगेच हलवावे लागते. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झाले तर पाय वाचण्याची शक्यता चांगली असते. 'सकाळी पाहू' या दोन शब्दांनी किती पाय गेले, ते मी रात्रपाळीत पाहिले आहे. आशाताईंना आणि रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांना एवढी एक गोष्ट सांगितली गेली तरी फार होईल.

महोदय, तीस वर्षे वयापुढच्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपली केंद्रे आजही राबवत आहेत. त्यासाठी माणूस केंद्रावर येतो, रांगेत बसतो, त्याची साखर आणि दाब केसपेपरवर लिहिला जातो. त्याच केसपेपरवर 'डावा पाय, उजवा पाय : ठोका लागतो किंवा लागत नाही' अशी एक ओळ वाढवावी. ही ओळ रिकामी सोडता येणार नाही असे ठरले की बोटे आपोआप पायाकडे जातील. प्रत्येक केंद्राला एक डॉपलर द्यावा आणि निदान दोन परिचारिकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे. ठोका न लागणाऱ्या रुग्णाला मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांत कोणत्या वारी, कोणत्या बाह्यरुग्ण विभागात पाठवायचे हे केंद्राच्या फलकावर लिहावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पायाच्या धमनीचे कोणते उपचार बसतात त्याची मराठी यादी तिथेच लावावी. कापायच्या आधी योजनेचा कागद हातात असला तर घरच्यांचा निर्णय वेगळा होतो. मी हे अनेकदा पाहिले आहे.

पाय तपासण्याची सवय विदर्भाला नवी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली, पुढे बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारले, आणि त्या परंपरेतल्या कार्यकर्त्यांनी गावोगावी माणसांचे बधिर तळवे हातात घेऊन पाहिले. नोकरीच्या सुरुवातीला एका ज्येष्ठ कुष्ठसेवकाने मला शिकवले होते की रुग्णाच्या पायाशी जमिनीवर बसल्याशिवाय पाय दिसत नाही. मधुमेहाच्या रुग्णाचा बधिर तळवा तसाच पाहावा लागतो. त्याने गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये, थंडीत शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत, चैत्रात कोराडीला अनवाणी जाऊ नये, कुरूप घरी ब्लेडने कापू नये, आणि आंघोळीनंतर बोटांमधली जागा कोरडी करून रोज एकदा आरशात तळवा पाहावा, हे त्याच वेळी तोंडी सांगता येते. देवळाच्या तापलेल्या फरशीवर पोळलेले पाय दर उन्हाळ्यात वॉर्डात येत, आणि पोळल्याचे त्या माणसांना फोड दिसेपर्यंत कळलेले नसे.

केंद्रांवर आधीच माणसे कमी आणि गर्दी जास्त आहे, हे मला ठाऊक आहे. तीस वर्षे मीही तशाच गर्दीत उभी होते. म्हणून सगळ्या केंद्रांवर एकदम सुरुवात करावी असे मी म्हणत नाही. महालातल्या किंवा इतवारीतल्या एका केंद्रावर तीन महिने हे करून पाहावे. त्या केंद्रावर आठवड्यातून दोन सकाळी विनामोबदला येऊन परिचारिकांना ठोका चाचपणे, डॉपलर धरणे आणि भागाकार लिहिणे शिकवायला मी तयार आहे. माझे हात अजून स्थिर आहेत. भावाच्या उजव्या पायासाठी आम्ही घेतलेला डॉपलर चालू स्थितीत माझ्याकडे आहे, आणि पहिल्या केंद्रासाठी तो मी आपल्या विभागाकडे जमा करीन. कोणत्या केंद्रावर आणि कोणत्या वारी यायचे, एवढे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
महाल, नागपूर